आतल्या खोलीतलं लढाऊ विमान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडंफार नीट केलं आहे.)



मला हा विषय कसा मिळाला ते आधी सांगतो. आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या काकूंनी कमिटीकडे विचारणा केली होती की वरती रात्री साडेदहानंतर कसली घरघर चालते, वॉशिंग मशीन बिघडलंय का. सेक्रेटरी चौकशीला वर आले. आतल्या खोलीत तीन पडदे, हातात दांडा, कानावर हेडफोन आणि तरी खाली ठेवलेल्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाज, असा मी त्यांना सापडलो. ते अर्धा तास उभेच राहिले. जाताना म्हणाले, "काका, जयंतीच्या वर्षात यावर बोलाच. लोकांना एकदाचं कळू द्या तुम्ही काय करता ते." काकू, स्पीकर तेव्हापासून बंद आहे. दिलगीर आहे.

तर मी काय करतो? मी विमानवाहू जहाजावरून लढाऊ विमान उडवतो. म्हणजे कॉम्प्युटरवर. या प्रोग्रामचं नाव डीसीएस, डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर. मूळ प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात दोन विमानंही फुकट येतात. बाकीची एकेक विमानं विकत घ्यावी लागतात. माझं विमान एफ/ए-18सी हॉर्नेट, अमेरिकेच्या नौदलाचं. आपल्या नौदलाचं मिग-29के त्यात सगळ्या बटणांसकट मिळत नाही, नाहीतर तेच घेतलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, संभाजीनगरच्या माणसाला नौदल कुठून सुचलं? समुद्र बघायचा तर आपल्याला साडेतीनशे किलोमीटर जावं लागतं. आपला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. खरं आहे. पण दहावीत असताना मला लढाऊ वैमानिक व्हायचं होतं आणि डोळ्यांनी तिथंच बाद केलं. मग डिप्लोमा, मग वाळूजमध्ये तीस-बत्तीस वर्षं मेंटेनन्स. इथं राहायला आल्यावर एकदा पोरांना घेऊन मुंबईला गेलो, तेव्हा जुनी विक्रांत संग्रहालय म्हणून उभी होती. 1961 ते 1997 नौदलात काम केलेली ही बोट. तिच्या डेकवर मी पावलं मोजत चाललो. पोरं आइस्क्रीम मागत होती आणि मी हिशोब करत होतो, एवढ्याशा जागेत विमान उतरतं कसं?

हिशोब तुम्हीही करा. आपल्या चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटरची आहे. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नौदलात दाखल झालेली नवी विक्रांत टोकापासून टोकापर्यंत 262 मीटर. त्यातला उतरण्याचा भाग आणखी लहान. आणि ती चालती असते. फेब्रुवारी 2023 मध्ये तिच्यावर मिग-29के पहिल्यांदा उतरलं, तेव्हा नौदलानं आकडा दिला होता: ताशी 240 किलोमीटरवरून शून्य, अडीच सेकंदांत. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो, तो डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि तार विमानाला धरून ठेवते. आपल्या दोन्ही विमानवाहू जहाजांवर अशा तीन तारा आहेत.

याचा सराव करायला गोव्यात, आयएनएस हंसा या तळावर, जमिनीवरच जहाजाचा डेक बांधलेला आहे. पुढं वर वळलेला उतार, मागं तारा. आपलं देशी नौदल-तेजस आधी तिथं शिकलं. 13 सप्टेंबर 2019 ला तिथल्या तारेत ते पहिल्यांदा अडकलं, आणि 11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते खऱ्या विक्रमादित्यवर उतरवलं. म्हणजे ज्यांनी हे खरोखर केलं त्यांनीही आधी खोट्या डेकवर केलं, एवढंच माझं म्हणणं. माझ्या हॉर्नेटचा थोरला भाऊ सुपर हॉर्नेटही 2022 मध्ये हंसावर चाचणीला येऊन गेला. नौदलानं शेवटी पसंती राफेलला दिली. 28 एप्रिल 2025 ला 26 राफेल-मरीनचा करार झाला, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल.

आता मुख्य गोष्ट. पोरांना वाटतं यात गोळ्या मारायच्या असतात. पहिले दोन महिने मी एकही गोळी मारली नाही, कारण मला विमान चालूच करता येत नव्हतं.

हसू नका. स्कूटरला किल्ली असते, तशी इथं नसते. बॅटरी ऑन करा. मग एपीयू, म्हणजे मोठी इंजिनं फिरवणारं छोटं इंजिन. त्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. मग क्रँकचं बटण उजवीकडे. उजवं इंजिन हळूहळू फिरायला लागतं. ते पंचवीस टक्क्यांपर्यंत आलं की त्याचा थ्रॉटल बंदवरून आयडलवर. टेंपरेचरकडे नजर. स्थिर झालं की ब्लीड एअरचा नॉब एक पूर्ण फेरी फिरवून परत जागेवर. मग डावं इंजिन. मग पडदे. मग विमानाला सांगायचं की तू कुठं आहेस.

हे शेवटचं मला फार आवडलं. विमानात स्वतःची जागा ओळखणारी यंत्रणा असते. तिच्या नॉबवर जमिनीसाठी एक खूण आहे, जहाजासाठी वेगळी. कारण जमीन हलत नाही, जहाज हलतं. विमान डेकवर स्थिर उभं असलं तरी जहाजाबरोबर पुढं चाललेलं असतं आणि ते त्याला सांगावं लागतं. पार्किंग ब्रेक लावून काही मिनिटं थांबायचं. नवशिक्याला हीच मिनिटं सोसत नाहीत. मलाही सोसत नव्हती. घाईत नॉब पुढं ढकलायचा आणि मग हवेत गेल्यावर आपणच हरवायचं.

समोर तीन पडदे असतात. डावा, उजवा आणि मधे खाली नकाशाचा. प्रत्येकाच्या चारी बाजूंनी मिळून वीस बटणं. त्यांचा अर्थ पडद्यावर काय उघडलंय त्याप्रमाणे बदलतो. शिवाय डोळ्यांसमोरच्या काचेवर हिरव्या रेषा उमटतात, वेग, उंची, दिशा, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही. आणि दोन्ही हातांतल्या दांड्यांवर इतके स्विच की प्रत्येक बोटाला काम. आता अडचण अशी की कर्सर हलवायचं बटण एकच, पडदे तीन. घरात टीव्ही तीन आणि रिमोट एक, असं समजा. म्हणून उजव्या अंगठ्याखाली एक स्विच आहे. तो डावीकडे दाबला की रिमोट डाव्या पडद्याचा, उजवीकडे दाबला की उजव्याचा, खाली ओढला की मधल्याचा. ज्याची पाळी असेल त्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक चौकट उमटते. ती चौकट न बघता मी कित्येक रात्री रडारचं बटण दाबत होतो आणि हलत होता नकाशा. बायको म्हणाली, "कॉम्प्युटरवर ओरडून काय उपयोग?" बरोबर होतं तिचं.

रडारबद्दलही लोकांचा मोठा गैरसमज असतो. सिनेमात रडार म्हणजे गोल फिरणारी रेषा, सगळं दिसतं. लढाऊ विमानाचं रडार म्हणजे लाइट गेल्यावर गच्चीवरून मारलेला टॉर्च. जिथं झोत तिथंच दिसणार, आणि फक्त समोर. झोत किती रुंद फिरवायचा, वरखाली किती ओळींत फिरवायचा, हे आपण ठरवायचं. रुंद फिरवला तर एक फेरी पूर्ण व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा हललेला असतो. अरुंद ठेवला तर बाजूचा निसटतो. आणि समोरचं विमान आपल्यापेक्षा बरंच खाली असेल, झोत सरळ असेल, तर पडदा स्वच्छ कोरा. पडद्यावर काही नाही म्हणजे आकाशात काही नाही, असं अजिबात नाही. हे समजायला मला चार वेळा पाडलं जावं लागलं.

शस्त्रांवर मी फार बोलणार नाही. एकच सांगतो, मास्टर आर्म नावाचा एक स्विच असतो, सेफ आणि आर्म. तो सेफवर असला की काचेवर शस्त्राच्या नावावर फुली दिसते. ती फुली समोर असताना मी पुढची पाच मिनिटं "हे चालत का नाही" म्हणून बटण दाबत बसलो होतो. डोळ्यांना दिसतं, डोक्यात जात नाही.

डोक्यात न जाण्यावरून खरी गोष्ट सांगायची आहे. विमानात काही बिघडलं की मास्टर कॉशनचा दिवा लागतो, टोन वाजतो आणि एका बाईच्या आवाजात सूचना येते. इंधन आपण ठरवलेल्या रेषेखाली गेलं की ती "बिंगो, बिंगो" म्हणते. म्हणजे परत फिर. दिवा दाबला की विझतो, आवाज थांबतो. बिघाड थांबत नाही. एका रात्री तिनं बिंगो म्हटलं, मी दिवा दाबला, म्हटलं अजून एक फेरी. जहाज दिसायच्या आधी दोन्ही इंजिनं बंद पडली आणि मी अंधारात समुद्रावर इजेक्ट झालो.

हेडफोन काढला आणि मला घाम फुटला. विमान पडलं म्हणून नाही. अगदी हेच मी प्रेस शॉपमध्ये केलं होतं. एका मशीनच्या पॅनेलवर एक अलार्म दिवसातून दहा वेळा यायचा. सेन्सर खोटं बोलतो असं आम्ही ठरवून टाकलेलं. आला की अ‍ॅक्सेप्ट दाबायचं. शिफ्टमधला प्रत्येक जण दाबायचा, मीही. एक दिवस तो खरा होता. एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. कंपनीचं नाव घेत नाही, चौकशी झाली, सगळं झालं. पण अ‍ॅक्सेप्टचं बटण त्या दिवशी सकाळी मी दाबलं होतं, हे मला ठाऊक आहे. ही गोष्ट घरच्यांनीही आज पहिल्यांदाच ऐकली असेल.

असो. उतरण्याकडे येऊ, कारण पोरं त्याचीच वाट बघतायत.

जहाजाच्या बाजूनं 800 फुटांवरून जायचं, जोरात डावीकडे वळायचं, उलट्या दिशेनं 600 फुटांवर यायचं. चाकं खाली, फ्लॅप पूर्ण, आकडा खाली. पुन्हा डावीकडे वळत जहाजाच्या मागे. आता जहाज समोर असतं आणि तुमच्या हातात पंधरा ते अठरा सेकंद. यात तीन गोष्टी बघायच्या आणि त्या तीनच. पहिली, जहाजाच्या डाव्या बाजूला एक दिव्यांचं यंत्र असतं, मधे पिवळा ठिपका, दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग. ठिपका रांगेच्या वर गेला की तुम्ही उंच, खाली आला की खाली, आणि लाल झाला तर फारच खाली. दुसरी, डेकची मधली रेषा. ती जहाजाशी तिरकी असते, सुमारे नऊ अंश, आणि जहाज पुढं जातंय म्हणून ती सतत तुमच्या उजवीकडे सरकते. एकदा रेषा साधली असं होत नाही, सारखी साधत राहावी लागते. तिसरी, नाकाचा कोन. हॉर्नेटला 8.1 अंश लागतात. काचेवर इंग्रजी ई सारखा कंस दिसतो, त्याच्या मधल्या दांडीवर खूण बसवायची.

आणि इथं सगळं उलटं होतं. आपल्याला वाटतं दांडा मागे ओढला की विमान वर जाईल. इथं नाही. कोन एकदा ट्रिम करून बसवला की दांड्याला जवळपास हात लावायचा नाही, वरखाली जायचं ते थ्रॉटलनं. थोडं दे, थोडं काढ, परत थोडं दे. भाकरी थापताना हात कसा थांबत नाही, तसा डावा हात सारखा चालू. डेककडे बघायचं नाही. बघितलं की माणूस नकळत तिकडे खेचला जातो आणि मागच्या कडेवर आपटतो. मी किती वेळा आपटलो ते वहीत लिहिलेलं आहे. तारेत पहिल्यांदा अडकलो ते 63 व्या प्रयत्नाला, आणि तेही पहिल्या तारेत, म्हणजे जेमतेम वाचलो. माझ्या जहाजावर चार तारा आहेत, साधायची ती तिसरी.

चाकं टेकली की काय करायचं? कोणी सांगेल? ... ब्रेक नाही! थ्रॉटल पूर्ण पुढे. उतरताक्षणी पूर्ण ताकद. कारण आकडा तारेत अडकला की नाही हे तुम्हाला त्या क्षणी माहीत नसतं. नसेल अडकला तर डेक संपायच्या आत पुन्हा उडायचंय. उडण्यातली गंमत याच्याही पुढची. अमेरिकन जहाजावरून वाफेच्या कॅटापल्टनं विमान फेकलं जातं, तेव्हा खरा वैमानिक उजवा हात दांड्यावर ठेवतच नाही. वरच्या चौकटीतली कडी धरून बसतो. त्या धक्क्यात हात चुकून मागे ओढला जाऊ नये म्हणून. पहिली चढण विमान स्वतः सांभाळतं. आपल्या विक्रांतवर कॅटापल्ट नाही, पुढं वर वळलेला उतार आहे.

मागच्या आठवड्यात एका वडिलांनी मला जिन्यात गाठलं. "काका, पोरगा तुमच्याकडे येतो, हे शिकून पायलट होईल का?" मी सरळ सांगितलं, नाही. माझ्या खुर्चीवर वजन सातपट होत नाही, पोट ढवळत नाही, डेक ओला नसतो, आणि चुकलं की एक बटण दाबून सगळं पहिल्यापासून. 26 नोव्हेंबर 2020 ला विक्रमादित्यवरून उडालेलं मिग-29के प्रशिक्षक विमान गोव्याजवळ अरबी समुद्रात पडलं. एक वैमानिक वाचले. कमांडर निशांत सिंग यांचा देह अकरा दिवसांच्या शोधानंतर सापडला. ते अकरा दिवस मी रोज पेपर बघत होतो आणि आतल्या खोलीत गेलो नाही. त्यानंतर मी एक नियम केला. मी इजेक्ट झालो किंवा आपटलो, तर त्या दिवशी परत उडायचं नाही. कॉम्प्युटर बंद. माझ्याकडे येणाऱ्या पोरांनाही हाच नियम आहे. सुरुवातीला रुसतात. पण बिंगो म्हटल्यावर आता सगळी मुकाट्यानं परत फिरतात.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी रस्ता आपल्या गावातच आहे. 1977 पासून एसपीआय इथं आहे, एनडीएची तयारी करून घेते. मुलींनाही एनडीए उघडली, मे 2025 मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सब लेफ्टनंट आस्था पुनिया यांची नौदलाच्या लढाऊ विमानांच्या शाखेत निवड झाली, असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गणित आणि डोळे सांभाळा. मोबाइलवर अंधारात काय बघता ते मला माहीत आहे.

आता पंपरूमचं. मागच्या वर्षी आपण आगीची मॉक ड्रिल केली, आठवतं? गच्चीवर नळी धरून सगळे उभे, खाली बटण दाबलं आणि थेंब नाही. पॅनेलचा स्विच ऑटोऐवजी ऑफवर. किती महिन्यांपासून, कुणाला माहीत नाही. सगळे वॉचमनवर ओरडले. त्याला कुणी कधी काही दाखवलंच नव्हतं. त्या रात्री मी हॉर्नेटच्या चेकलिस्टसारखा एक कागद लिहिला. एका ओळीत एकच गोष्ट: कुठला स्विच, कुठल्या जागी, आणि बरोबर असेल तर काय दिसतं. अकरा ओळी. शेवटची ओळ, अलार्म बंद करण्याआधी वहीत लिहा. लॅमिनेट करून पॅनेलशेजारी लावलाय. वॉचमन मामा रोज संध्याकाळी बोट ठेवून वाचतात. गेल्या महिन्यात टाकी धुतल्यानंतर सक्शनचा व्हॉल्व्ह बंदच राहिला होता, तो त्यांनी सातव्या ओळीला पकडला. लिफ्टसाठीही असा कागद करायचा माझा विचार आहे, कमिटीनं मंजुरी द्यावी. आणि पाण्याच्या दिवशी मोटार कोण चालू करतं यावर जी भांडणं होतात, त्याचाही एक करता येईल, पण त्याला माझ्याकडे तेवढी हिंमत नाही.

शेवटी एक सूचना. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा, माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर. एका वेळी चारच जण, खोली लहान आहे. चपला बाहेर. सी विंगमधली सातवीतली पोरगी तुम्हाला इंजिन चालू करून दाखवेल, कागद न बघता, ती माझ्यापेक्षा चाळीस सेकंदांनी लवकर करते. गेल्या शनिवारी तिनं तिसरी तार धरली. तारीख वहीत तिच्याच अक्षरात आहे.